मोराबद्दलचं मत

मोराबद्दल जनार्दन सुर्वे यांचं एक मत होतं. ते त्यांनी बरीच वर्षं मनातच ठेवलं होतं, आणि तोवर त्यांचं बडोद्यात छान चाललं होतं. चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी रांगोळीचा धंदा धरला. धंदा म्हटलेलं त्यांना आवडत नसे, ते 'साधना' म्हणत. लग्नाच्या हॉलच्या दारात साधना करायला मयूरभाई डेकोरेटर त्यांना टेंपो पाठवून बोलावून घेई. आणि दिवाळीत पाणीगेटच्या कलामंडळाचं रांगोळी प्रदर्शन भरलं की हॉलच्या मधोमध जी मोठी रांगोळी असे, ती त्यांची. थोर माणसांचे चेहरे ते असे काढत की बघणाऱ्याला वाटावं, आता हे शिंकणार. इतरांच्या रांगोळ्या भिंतीच्या कडेनं. मधली जागा सुर्वेसरांची, हे इतकं ठरलेलं होतं की त्याचा ठराव करावा असं कुणाला कधी वाटलं नाही. ठराव करून घ्यायला हवा होता, हे सरांना पुढे कळलं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी तरसालीच्या एका सोसायटीनं त्यांना रांगोळी स्पर्धेचे परीक्षक म्हणून नेलं. पहिल्या दारात मोर होता. दुसऱ्या दारातही मोर होता, फक्त त्याचं तोंड पहिल्याच्या विरुद्ध दिशेला होतं. मग पिसारा फुललेले मोर आले, मिटलेले आले, जोडीनं बसलेले आले. कुठे गणपतीच्या सोंडेतून मोर निघाला होता, कुठे समईच्या ज्योतीतून. एका सुनेनं 'पाणी वाचवा' असा सामाजिक विषय घेतला होता. तिच्या रांगोळीत नळ होता आणि नळावर मोर बसला होता. पहिलं बक्षीस जनार्दनरावांनी मोरालाच दिलं, कारण मोर सोडून द्यायला दुसरं काही नव्हतंच. सत्कारात त्यांना शाल मिळाली. शालीच्या काठावर काय होतं ते सांगत नाही.

बडोद्यातच अकोट्याला घरी येऊन ते जेवले, पलंगावर आडवे झाले, आणि फोन छातीवर घेऊन त्यांनी फेसबुकवर लिहिलं:

'आज पुन्हा मोर पाहिले. मोराला आता विश्रांती द्यावी. रांगोळीत मोर काढणं ही कला नाही, सवय आहे. ज्याला काही सुचत नाही तो मोर काढतो.'

लिहिलेलं वाचून त्यांना फार बरं वाटलं, विशेषतः शेवटचं वाक्य. मग त्यांनी कूस बदलून दुपारची झोप काढली. इतकी गाढ झोप पुढे दिवाळीपर्यंत त्यांच्या नशिबी नव्हती.

जाग आली तेव्हा नलिनीबाई चहा घेऊन उभ्या होत्या.

"शैलावहिनींचा फोन आला होता," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"काय म्हणत होत्या?"

"तुम्हाला द्या म्हणाल्या. मी म्हटलं, झोपलेत. तर म्हणाल्या, झोपू देत. विश्रांती सगळ्यांनाच हवी. मोराला काय नि माणसाला काय."

शैला घोरपडे म्हणजे कलामंडळाचे अध्यक्ष धनाजीराव घोरपडे यांच्या पत्नी. दर दिवाळीला त्यांच्या दारात एक मोर येई. रंग दरवर्षी नवे, मोर तोच. एका वर्षी त्याचा फोटो गुजराती पेपरात आला होता आणि ते कात्रण घोरपड्यांच्या दिवाणखान्यात पूर्वजांच्या शेजारी लावलेलं होतं. खुद्द जनार्दनराव फराळाला जात तेव्हा त्या मोरापुढे उभे राहून न चुकता "वा, वहिनी" म्हणत आले होते.

त्यांनी फोन उघडला. दोन जणांनी 'अगदी खरं' असं लिहिलं होतं. त्यातल्या एकाला रांगोळी म्हणजे काय हेही ठाऊक नसावं, कारण तो प्रत्येकाच्याच पोस्टखाली 'अगदी खरं' लिहीत असे. बाकीच्यांनी आपापल्या दारातल्या मोरांचे फोटो टाकले होते. एका जुन्या विद्यार्थिनीनं लिहिलं होतं, 'सर, सातवीत मोर आम्हाला तुम्हीच शिकवला होता.' हे खरं होतं. अभ्यासक्रमात होता.

तेवढ्यात मयूरभाईचा फोन आला.

"काका, केम छो," तो म्हणाला, पण रोजच्यासारखं नाही. "मारा नाममां तमने शुं वांधो छे?"

"अरे मयूरभाई, तुझ्या नावाला माझा कसला वांधा? मी रांगोळीबद्दल बोलतोय."

"टेंपो पर मोर छे, कार्ड पर मोर छे. बधा लोको मने पूछे छे, तारा काकाए आ शुं लख्युं." मग तो जरा थांबला आणि मऊ आवाजात म्हणाला, "हमणां थोडा दिवस रहेवा दो ने. तुळशीच्या लग्नानंतर बघू."

लग्नांचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतरच सुरू होतो. तेव्हा 'बघू' म्हणणाऱ्या डेकोरेटरनं दुसरा माणूस बघितलेला असतो, हे समजण्याइतका व्यवहार जनार्दनरावांना साधनेतही कळत होता.

संध्याकाळी शेजारचे सुभानराव आले. रेल्वेच्या कचेरीत त्यांनी उभं आयुष्य साहेबांच्या पत्रांचे मसुदे करण्यात घालवलं होतं. निवृत्तीनंतर हाताला काम नव्हतं, त्यामुळे शेजाऱ्यावर आलेल्या संकटानं त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं.

"आधी ती पोस्ट काढून टाका," ते म्हणाले. "कागदच नसला तर केस उभी राहत नाही."

पोस्ट काढली. तासाभरात कुणीतरी तिचा स्क्रीनशॉट टाकला आणि वर लिहिलं, 'सरांनी पुरावा नष्ट केला.' आत्तापर्यंत ज्यांनी मूळ पोस्ट पाहिलीच नव्हती, त्यांनी आता ती शोधून वाचली.

"मग आता खुलासा," सुभानराव म्हणाले आणि नलिनीबाईंना चहा टाकायला सांगून मसुद्याला बसले. त्यांचा मसुदा असा: 'सदर मोरांबाबत प्रस्तुत कलावंताने व्यक्त केलेल्या मतामागे राष्ट्रीय पक्ष्याचा अवमान करण्याचा कोणताही हेतू नव्हता, याची संबंधितांनी नोंद घ्यावी.'

"राष्ट्रीय पक्षी कशाला मध्ये?" जनार्दनरावांनी विचारलं.

"वजन येतं."

वजन आलं. तोवर हे भांडण दारातल्या मोरांपुरतं होतं. खुलासा वाचल्यावर लोकांच्या लक्षात आलं की अरे, मोर तर राष्ट्रीय पक्षी आहे. दोन दिवसांत तिघेजण निवेदन घेऊन दारात हजर झाले. आपण मोर सन्मान समिती आहोत, असं त्यांनी सांगितलं. समिती आदल्याच दिवशी स्थापन झाली होती. निवेदन वाचून झाल्यावर त्यांनी चहा घेतला, चकलीची चौकशी केली, आणि जाता जाता समितीच्या उद्घाटनाला एक मोठी रांगोळी काढून द्याल का, असं विचारलं. काय काढायचं हे जनार्दनरावांनी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात पक्षिप्रेमींच्या एका गटानं त्यांचं जाहीर अभिनंदन केलं. मोरांना विश्रांती मिळावी, फटाक्यांचा आणि माणसांचा त्यांना त्रास होऊ नये, यासाठी आवाज उठवणारा हा बडोद्यातला पहिला चित्रकार, असं त्यांनी लिहिलं. आपल्या बाजूनं कुणीतरी उभं राहिलं याचा आनंद जनार्दनरावांना झाला असता, पण ती बाजू त्यांची नव्हती.

मग त्यांनी स्वतःच लेखणी हातात घेतली. आपला राग एकट्या मोरावर नाही, हे लोकांना समजलं की सगळं निवळेल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांनी लिहिलं, 'माझा आक्षेप केवळ मोरावर नसून हंस, पोपट, कलश आणि कमळ यांवरही आहे.'

सुभानरावांनी मजकूर पाहिला आणि खुर्ची पुढे ओढून आवाज उतरवला. "जनार्दनराव, कमळ काढा. ते वेगळं प्रकरण आहे."

"मी फुलाबद्दल लिहितोय."

"फुलाबद्दल लिहिताय हे तुम्हाला माहीत आहे."

नलिनीबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "नलिनी म्हणजे काय, हे लग्नाआधी तुम्ही मला चार पानी पत्रात समजावून सांगितलं होतं."

कमळ निघालं. ते निघाल्यावर कलश एकटा वाईट दिसू लागला, कलशाविरुद्ध कुठलाही हिंदू माणूस कसा बोलेल, म्हणून तोही निघाला. हंस आणि पोपट उरले. जनार्दनरावांनी ते वाक्य पुन्हा वाचलं आणि फोन उशीखाली ठेवून दिला.

कलामंडळाच्या कार्यकारिणीची बैठक भरली तेव्हा विषयपत्रिकेवर चौथा विषय नुसता 'मोर' असा होता. अध्यक्ष धनाजीराव उभे राहिले. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ, बोलताना अजूनही समोर दोन कारकून बसले आहेत अशा बेतानं बोलत.

"मला व्यक्तिशः काही वाटत नाही," ते म्हणाले. "कलावंताला मत असावं. पण मला घरी राहायचं आहे."

ठराव असा झाला: मधली जागा सुर्वेसरांचीच राहील, मात्र यंदा तिथे त्यांनी मोर काढावा, म्हणजे लोकांचा गैरसमज दूर होईल. सरांना ते मान्य नसल्यास मधल्या जागेवर सौ. शैला घोरपडे यांचा मोर येईल, आणि सरांना जिन्याखाली पाण्याच्या कूलरजवळची जागा देण्यात येईल.

जनार्दनराव उठले. "विचार करून सांगतो," असं त्यांनी सावकाश, घुमणाऱ्या आवाजात सांगितलं आणि कुणाकडे न बघता ते बाहेर पडले. बाहेर पडणं फार चांगलं साधलं होतं. पण मांडवीच्या चौकापर्यंत गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की चपला चावतायत. त्या धनाजीरावांच्या होत्या. त्यांना परत जावं लागलं, आणि कार्यकारिणी चहा पीत असताना दारात वाकून आपल्या चपला शोधाव्या लागल्या. कुणीतरी "सर, बिस्किट घ्या" म्हणालं.

त्या रात्री ते जेवले नाहीत. म्हणजे दोनच पोळ्या खाल्ल्या.

"मग काय ठरलं?" नलिनीबाईंनी विचारलं.

"कूलरपाशी बसेन. पण तत्त्व सोडणार नाही."

"तिथे पाणी गळतं. रांगोळी वाहून जाईल."

"जाऊ दे."

नलिनीबाईंनी ताट उचललं आणि तिथेच उभ्या राहून विचारलं, "मला एक सांगा. माणसांचे चेहरे तुम्ही फोटो समोर ठेवून तासन्तास बघता, मग काढता. मोर कधी असा बघितलायत?"

"त्यात काय बघायचं? सगळ्यांना माहीत आहे मोर कसा असतो."

"हेच ना त्या तरसालीच्या बायकांनाही वाटत असणार," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

जनार्दनरावांना हे लागलं. शैलावहिनींचा टोमणा, मयूरभाईचा थंडपणा, कूलर, चपला, हे सगळं त्यांनी अन्याय म्हणून सोसलं होतं आणि त्यात एक प्रकारची मजाही होती. हा मात्र अन्याय नव्हता. सातवीच्या वर्गाला शिकवलेला मोर त्यांनी कशावरून शिकवला होता, तर त्यांच्या स्वतःच्या सातवीतल्या मोरावरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद-पेन्सिल पिशवीत घालून ते अकोट्यामागच्या बाजूनं विश्वामित्री नदीच्या काठाला गेले. तिथल्या झुडपांत मोर असतात हे अकोट्यात सगळ्यांना ठाऊक असतं, कारण ते पहाटे ओरडतात आणि लोक त्यांना शिव्या देतात. 'मगरींपासून सावध' या पाटीपासून बऱ्यापैकी अंतर राखून ते एका दगडावर बसले.

बऱ्याच वेळानं झुडपातून एक पक्षी बाहेर आला. जनार्दनरावांना आधी ती लांडोर वाटली. पण मान निळी होती, डोक्यावर तुरा होता. मागे मात्र काही नव्हतं. पिसाऱ्याच्या जागी आखूड तपकिरी शेपूट आणि त्यातून निघालेली दोन-चार केविलवाणी पिसं. पावसाळा संपला की मोराची पिसं गळून पडतात, हे त्यांनी कधीतरी वाचलं असेलही. पण वाचणं वेगळं आणि असं समोर येणं वेगळं.

तो मोर चालत होता. एक पाय उचलायचा, क्षणभर हवेत धरायचा, मग टाकायचा. मान अशी ताठ, जणू आजूबाजूला सगळा दरबार भरला आहे. आणि वळताना तो लांबून, मोठी फेरी घेऊन वळत होता. पाठीमागे पिसाऱ्याचा भार आहे, तो काट्यात अडकू नये, अशा काळजीनं. भार कधीच गळून गेला होता. वळणं राहिलं होतं.

जनार्दनराव बघतच राहिले. त्या सकाळी त्यांनी एकही रेघ काढली नाही. पुढचे काही दिवस ते रोज गेले आणि मग मात्र त्यांनी कागदांचा फडशा पाडला. मंडळाला त्यांनी फोन करून कळवलं, 'मोर काढतो.' धनाजीरावांनी सुटकेचा निःश्वास टाकल्याचं फोनवरही ऐकू आलं. सुभानरावांनी हा आपल्या खुलाशाचा परिणाम असल्याचं चार ठिकाणी सांगितलं.

हॉलमध्ये मधल्या जागेभोवती पडदा लावून त्यांनी काम केलं. फळीवर पालथं पडून, चिमटीतून रंग सोडत. नलिनीबाई डबा घेऊन आल्या तेव्हा पडदा सारून आत शिरल्या, बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि "पोळ्या गार होतील" एवढंच बोलून गेल्या.

उद्घाटनाच्या दिवशी शैलावहिनी महिला मंडळासह पहिल्या रांगेत होत्या. जरीच्या पदरावर मोर होते. माफी स्वीकारायला आलेल्या माणसाची प्रसन्नता त्यांच्या चेहऱ्यावर होती. धनाजीरावांनी पडदा सरकवला.

करड्या जमिनीवर, सकाळच्या उन्हात, तो बिनपिसाऱ्याचा मोर एक पाय उचलून वळत होता.

"पिसारा राहिला का?" धनाजीरावांनी हळूच विचारलं.

"नाही. पुरा झालाय."

"पण सर, मोर ठरला होता."

"मोरच आहे. दिवाळीत तो असाच असतो. पिसं गळतात, होळीच्या सुमाराला पुन्हा येतात. तोवर असं चालायचं."

सुभानराव मागून म्हणाले की तसा खुलासा शेजारी लावावा लागेल. मयूरभाई हात बांधून उभा होता, त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. लोक शैलावहिनींकडे बघू लागले, कारण आता काय ते त्याच बोलणार होत्या.

शैलावहिनी पुढे आल्या. दोरीपाशी वाकून त्यांनी मोराकडे पाहिलं. मग मान तिरकी करून पाहिलं. मग त्यांनी वळून नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही रिटायर झालात त्या महिन्यात घरात असेच फिरत होतात की."

आधी महिला मंडळातून कुणीतरी फसकन हसलं. मग दुसरी म्हणाली, आमचे अजून फिरतात. मग हॉलमध्ये जे सुरू झालं ते पाच दिवस थांबलं नाही. बायका घरी जाऊन नवऱ्यांना घेऊन येऊ लागल्या. कचेऱ्या, शाळा, रेल्वे, रिफायनरी, जिथून जिथून बडोद्याची मराठी माणसं निवृत्त होतात तिथले सगळे त्या दोरीपाशी येऊन गेले. ज्यानं त्यानं दुसऱ्याला ओळखलं. "वळणं बघ, अगदी आपले सुभानराव, अजून फाईल काखेत आहे असं वाटतं," असं कुणी म्हणालं आणि सुभानरावांनी दोन दिवस जनार्दनरावांशी बोलणं टाकलं. धनाजीरावांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं, "हा मोर म्हणजे मी, अशी चर्चा आहे. मला व्यक्तिशः काही वाटत नाही. पण तुम्ही लेखी खुलासा केलात तर बरं." जनार्दनरावांनी त्यांना नम्रपणे सांगितलं की खुलासे आता ते करत नाहीत.

मयूरभाई गर्दी ओसरल्यावर पुन्हा आला. वडिलांना घेऊन आला होता. वडील मोराकडे बघून खूप हसले आणि मग अचानक गप्प झाले. जाताना मयूरभाई म्हणाला, "काका, लगनमां आ नहीं चाले हां. पण टेंपो पाठवतो. तुम्ही या."

शैलावहिनी शेवटच्या दिवशी एकट्याच आल्या. "माझ्या मोराला नावं ठेवलीत, ते मी विसरणार नाही," त्या म्हणाल्या. "पण भाऊजी, मला सकाळी एकदा नदीवर घेऊन चला. नलिनीलाही घ्या, लोक बोलायला नकोत."

भाऊबीजेच्या दुपारी हॉल रिकामा करायचा होता. नवरा-बायको दोन केरसुण्या घेऊन दोन बाजूंनी रांगोळी गोळा करायला बसली. निळा, तपकिरी, उन्हाचा पिवळा, सगळे रंग एकमेकांत मिसळून राखेसारखे झाले.

"मान जरा जास्तच ताठ झाली होती," नलिनीबाई म्हणाल्या.

"मोराची असतेच तशी."

"मी मोराबद्दल बोलत नाही आहे."

जनार्दनरावांची केरसुणी थांबली.

"तुला केव्हा कळलं?"

"डबा घेऊन आले त्या दिवशी."

"मग बोलली का नाहीस? इथे सगळं गाव एकमेकांकडे बोट दाखवत होतं."

"त्यांना आपापले सापडत होते," नलिनीबाई म्हणाल्या आणि शेवटची चिमूट सुपात ओढून घेतली. "माझा मी कशाला दाखवू?"